माझ्या रिकाम्या पोटाची साक्ष

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो. अंगाने पत्र्याची, रंगाने करडी, आणि तोरा म्हणाल तर आजही कमी नाही. मला ठोकूनठाकून घडवलं त्या कारखान्यात शेजारीच धान्याचे डबे तयार होत होते. त्यांच्या नशिबी स्वयंपाकघर आलं, माझ्या वाट्याला राज्याची निवडणूक आली. आता ऐट नको करू तर काय करू?

माझं काम दिसायला सोपं होतं. मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षांनी मला उघडायचं, प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला माझं रिकामं पोट दाखवायचं, मग झाकण लावून दोरा बांधायचा आणि त्यावर लाखेची मोहर उठवायची. हा क्रम चुकला, की आत आधीच मतं भरून ठेवली नव्हती कशावरून, असं कुणीही विचारू शकतं.

एका वर्षी तो क्रम चुकलाच. एका शाळेच्या वर्गात मतदान होतं. केंद्राध्यक्ष होत्या गणिताच्या बाई, पहिल्यांदाच हे काम करत होत्या. बाहेर रांग लागलेली, लोक खिडकीतून डोकावत होते. त्या धांदलीत बाईंनी झाकण लावलं आणि मोहर उठवून मोकळ्या झाल्या.

एका उमेदवाराचे प्रतिनिधी होते शिंपीकाका. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पेटी आतून बघितली नाही आम्ही."

"अहो काका, रिकामीच आहे. मी आत्ताच पुसलीय."

"असेल. पण मी बघितली नाही ना."

दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी वैतागला. "काका, कशाला कीस काढताय? लोक खोळंबलेत."

बाईंचा चेहरा पडला. मोहर तोडली तर उशीर होणार, वर बोलणी बसणार. नाही तोडली तर त्या केंद्रातल्या सगळ्या मतांवर संशय राहणार. माझा तर जीव टांगणीला लागला. मग बाई म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. चूक माझी." त्यांनी सगळ्यांदेखत लाख फोडली आणि मला चक्क उलटी केली. शिंपीकाकांनी आत हात घालून कोपरान् कोपरा चाचपला. मला मेल्या गुदगुल्या होत होत्या, पण हसायची ती वेळ नव्हती. "हं, आता लावा मोहर," ते म्हणाले.

तेवढ्यात निवडणूक निरीक्षक येऊन ठेपले. उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं. बाईंनी घडलं ते सगळं सांगून टाकलं. "यापुढे आधी दाखवा," एवढंच बोलून त्यांनी मतदान सुरू करायला सांगितलं.

मतमोजणीत शिंपीकाकांचा उमेदवार अगदी थोडक्यात हरला. त्याची माणसं टेबलावर हात आपटू लागली. त्या शाळेतल्या पेटीची मोहर तोडली होती, ती आधीच भरलेली होती, मतदान पुन्हा घ्या, असा एकच गलका झाला. तेव्हा शिंपीकाका उठले आणि आपल्याच माणसांसमोर जाऊन उभे राहिले.

"मी स्वतः आत हात घातला होता. रिकामी होती. आपण हरलोय, घरी चला."

निकाल टिकला. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पत्र्यावर मूठभर मांस चढलं.

आता यंत्रं आली आणि मी अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी रुसणार नाही. पण मोठेपणी तुम्ही मतदान केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसाल, तेव्हा "आधी दाखवा" म्हणायला लाजू नका. आणि एकदा बघितलंत, की हरलात तरी जे बघितलं तेच सांगा.