सकाळची डबी

नर्सबाईंनी पाकीट फाडून चार गोळ्या सुनेच्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या आणि खुर्ची ओढून थेट त्याच्या समोर बसल्या.

"घ्या दादा."

"घेतो की. चहा झाला की लगेच."

"चहा नंतर. तुम्ही गोळ्या गिळल्याशिवाय मी उठत नाही. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली सून ताठ झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे. दोघांनी सकाळीच आखलेला बेत त्या एका वाक्यासरशी पाण्यात गेला होता.

बेत तसा सोपा होता. गोळ्या त्याने गालात धरायच्या आणि बाई गेल्या की गुपचूप तिला द्यायच्या, कारण त्या तिच्याच होत्या. झालं होतं असं, की नवरा कारखान्यात दोनदा खोकला, साहेबांनी ऐकलं, आणि त्याच दुपारी त्याच्या हातात तपासणीची चिठ्ठी पडली. ती मात्र दोन महिने खोकत होती. उशा शिवतेस, कापूस घशात जातो, पाणी पी, असं तिला सासूने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, औषधाच्या दुकानदाराने तर मान वर न करताच सांगितलं. तपासणीच्या दिवशी नेमका नवऱ्याचा घसा कोरडा. अर्धा तास खाकरूनही काही निघेना, तेव्हा त्याने न्हाणीघराच्या दाराआडून कफाची रिकामी डबी तिच्या हातात कोंबली होती.

"तूच भर गं. नाहीतर उद्या परत हेलपाटा."

तिने भरली. चार दिवसांनी निकाल आला, टीबी.

नवऱ्याला घाम फुटला. तिला मात्र स्वतःचीच लाज वाटावी इतका आनंद झाला. म्हणजे कापूस नव्हता. जिना चढताना रोज जे वाटत होतं ते खरं होतं, आणि त्यावर औषधसुद्धा होतं. कुणीतरी तिचा खोकला एकदाचा मनावर घेतला होता, फक्त नवऱ्याच्या नावावर.

खरं सांगून टाकावं असं तिला त्याच दिवशी वाटलं होतं. पण घरात जे सुरू झालं ते पाहून तिची जीभ रेटेना. खिडकीजवळचा पलंग नवऱ्याला मिळाला. दूध आलं, अंडी आली, डोक्याखाली दोन उशा आल्या, त्याही सुनेनेच शिवलेल्या. "वाघ आहे माझा, सहा महिन्यांत उठून पळायला लागेल," असं सासू येईल त्याला सांगत होती. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या सुनेला हाच आजार झाला होता तेव्हा हीच सासू म्हणाली होती, "माहेरी धाडली तिला, बरं केलं."

"दादा, वाट बघतेय मी," नर्सबाई म्हणाल्या.

"घे रे बाळा," सासू दुधाचा पेला घेऊन पुढे आली. "कडू लागलं तर वर दूध पी."

नवऱ्याने हात ओठांपर्यंत नेला. सुनेला लख्ख दिसलं, की हा आता गिळणार. आज गिळेल, उद्या गिळेल, भिडेखातर सहा महिने गिळेल, आणि आपण उशा शिवत बसू. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. एरवी ती तोंड दाबून स्वयंपाकघरात पळायची. आज पळाली नाही. कोपरात तोंड घालून, पण भर खोलीत, चांगली दणदणीत खोकली. मग दोन ढांगांत पुढे झाली आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं.

"त्या माझ्या आहेत. डबी मी भरली होती."

सासूच्या हातातला पेला कलला आणि दूध फरशीवर सांडलं.

"खरं आहे," नवरा मान खाली घालून म्हणाला. त्याने एकेक करून चारही गोळ्या टेबलावर ठेवल्या. "साहेबांना कळलं तर माझी खैर नाही. पण खरं आहे."

नर्सबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीतच आक्रसला. मग त्यांनी गोळ्या बाजूला सारल्या, पिशवीतून दोन नव्या डब्या काढल्या आणि दोघांच्या समोर एकेक ठेवली.

"आता ज्याची त्याने भरायची. उद्या सकाळी न्यायला मी स्वतः येते."

"म्हणजे याला काही झालेलं नाही?" सासूने विचारलं.

"ते उद्याच्या तपासणीत कळेल, मावशी." नर्सबाईंनी कोरा फॉर्म मांडीवर घेतला. "वहिनी, बसा इथे. तुमचं नाव सांगा."

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने नाव सांगितलं, अगदी आडनावासकट.

"खोकला किती दिवस आहे?"

"दोन महिने."

सासू खाली बसून दूध पुसत होती. तिचा हात थांबला.

"अडीच," ती मान वर न करता म्हणाली.