तिसऱ्या मजल्यावरचा वारा

तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लिफ्टच्या दारापासून जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत माणसं कोंबून उभी होती. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावत होते आणि सगळ्यांची नजर उघड्या दारातून आतल्या खोलीतल्या एका उदबत्तीवर खिळली होती. उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर चालला होता.

"बघा," श्वासबाबा म्हणाले. "खिडकी सताड उघडी, दार सताड उघडं, आणि धूर हलतोय का? नाही! कारण या घराच्या छातीवर कोणीतरी बसलंय. घरालाच श्वास घेता येत नाही, मग घरातल्या माणसांना कुठून येणार?"

"खरंय, कुठून येणार," गर्दी म्हणाली.

"जुनी वस्ती पाडलीत. त्या भिंतींत कोणकोण राहत होतं, त्यांना विचारलंत? तुम्हाला फ्लॅट मिळाले. त्यांना काय मिळालं?"

हा मुद्दा बिनतोड होता. पुनर्विकासात कुणाला किती मिळालं आणि कुणाच्या तोंडाला पानं पुसली गेली, यावरून त्या इमारतीत दोन वर्षं भांडणं चालली होती. त्यात भुतांचाही वाटा राहून गेला असेल, हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

"आता डोळे मिटा," बाबा म्हणाले आणि त्यांनी हातातली जाड काठी फरशीवर तीनदा आपटली. "नीघ! नीघ! नीघ!"

क्षणभर काही झालं नाही. मग लोकांच्या चेहऱ्याला गार झुळूक लागली. डोळे उघडून बघतात तो उदबत्तीचा धूर आडवा झालेला, दाराकडे वळलेला, आणि उंबऱ्यावरून बाहेर पडून सगळ्यांच्या देखत जिन्याने वर निघालेला! एक म्हातारी रडायलाच लागली. दोघातिघांनी धुराला वाट करून देण्यासाठी अंग चोरलं, कारण धुराबरोबर आणखी कोण चाललंय याचा नेम नव्हता.

गर्दीच्या मागे नर्सबाई खांद्याला पिशवी लावून उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नव्हते. त्या घरात त्यांची वहिनी राहत होती, आणि त्या तिच्या गोळ्या मोजायला आल्या होत्या.

नर्सबाईंचं काम तसं साधं. सरकारी दवाखान्यातून निघायचं, क्षयाच्या रोग्यांच्या घरी जायचं, गोळी वेळेवर घेतली जाते का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. त्या वहीने त्यांची झोप उडवली होती. जुन्या वस्तीत पत्र्याची घरं होती, गटारं उघडी होती, तरी चार वर्षांत तीन रोगी निघाले होते. तीच माणसं नव्या फरशीच्या, नव्या नळांच्या इमारतीत आली आणि दोन वर्षांत अकरा. त्यातले नऊ बोळाकडच्या घरांतले.

बोळ म्हणजे दोन इमारतींमधली नऊ फुटांची फट. त्या फटीत दोन्हीकडून शंभरेक खिडक्या उघडत. एका टोकाला पार्किंगची उंच भिंत, दुसरं टोक मैदानाकडे मोकळं. जो काही वारा यायचा तो त्या एका तोंडातून. आणि आता बरोबर त्या तोंडावर तिसरी इमारत उभी करायचा बिल्डरचा नकाशा मंजुरीला गेला होता.

नर्सबाई वही घेऊन नगररचना कार्यालयात गेल्या. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, "बाई, आम्ही पार्किंग मोजतो, अग्निशमन मोजतो, झाडंसुद्धा मोजतो. पण खोकला कुठल्या रकान्यात घालू?" त्यांनी आरोग्य विभागात पाठवलं. आरोग्य विभाग म्हणाला, इमारती आमच्या अखत्यारीत येत नाहीत, आजारी पडल्यावर माणसं येतात. त्या पुन्हा साहेबांकडे गेल्या. तिसऱ्या खेपेला साहेबांनी एवढंच सांगितलं की रहिवाशांनी शनिवारपर्यंत सह्यांनिशी लेखी हरकत घेतली, तर सुनावणी घ्यावीच लागेल. आज सोमवार होता आणि कागदावर एकही सही नव्हती.

गर्दी पांगल्यावर नर्सबाई आत गेल्या. वहिनीचा चेहरा उजळला होता. दोन महिन्यांत ती इतकी खूश दिसली नव्हती.

"वन्सं, बघितलंत ना? गेलं! माझ्या अंगावरून गार गार गेलं."

"बघितलं. गोळ्यांची पाकिटं दाखव."

पाकीट कपाटात कपड्यांखाली होतं. पाच दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"अगं, काय केलंस हे!"

"बाबा म्हणाले, श्वास मोकळा होतोय तर वर विष कशाला. सात वेळा विधी करायचा. आजचा दुसरा. ते गेलं तरी तीन दिवसांनी परत येऊन बसतं म्हणे."

"दादा, तू काय करत होतास?"

दादा खिडकीपाशी उभा होता. खिडकीतून काठी लांब केली असती तर समोरच्यांच्या दोरीवरचा टॉवेल काठीला लागला असता. "तिला बरं वाटतंय ना," तो म्हणाला. "गोळ्यांनी नुसतं मळमळतं. आणि तुझ्या त्या कागदावर सही मागू नकोस. बाबा म्हणालेत, तक्रारी केल्या की ते चिडतात."

"ते म्हणजे कोण? भुतं की बिल्डर?"

"उगाच काहीतरी बोलू नकोस. बिल्डरच्या सुपरवायझरनेच तर बाबांना आणलं. स्वखर्चाने. कोण करतं एवढं आजकाल?"

नर्सबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं त्या बोंबलून सांगत होत्या की या घरात वारा नाही. कुणी ऐकलं नाही. हा माणूस उदबत्ती पेटवून नेमकं तेच सांगत होता आणि लोक त्याच्या पाया पडत होते. शिवाय उदबत्ती ही तर त्यांच्या धंद्यातली गोष्ट! प्रशिक्षणात म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात उभं करून अशीच उदबत्ती पेटवली होती आणि सांगितलं होतं, "वारा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. एकच असेल तर खिडकी कितीही उघडा, धूर जागचा हलायचा नाही." मग आज हलला कसा? दुसरी वाट कुणी उघडली?

धूर जिन्याने वर गेला होता. नर्सबाईही जिन्याने वर गेल्या.

प्रत्येक मजल्यावर जिन्याची खिडकी प्लॅस्टिकने पक्की बंद होती आणि शेजारी सूचना होती: 'कबुतरांमुळे ही खिडकी कायम बंद राहील. – सेक्रेटरी.' सर्वांत वर गच्चीचं लोखंडी दार, त्याला कुलूप, आणि दुसरी सूचना: 'कपडे वाळत घालण्यावरून झालेल्या प्रकारामुळे गच्ची कायम बंद. हुकूम मोडणाऱ्यावर कारवाई.' दार दोन वर्षं बंद होतं म्हणे. पण बिजागऱ्यांना ताजं तेल होतं आणि पायरीवर शेंगांची टरफलं पडली होती.

सेक्रेटरींना सगळी इमारत नियमकाका म्हणायची. ते बाबांचे एक नंबरचे भक्त. विधीच्या वेळी उदबत्त्यांचा पुडा त्यांच्याच हातात असायचा. त्यांना जाऊन "बाबा लबाड आहे" असं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नर्सबाईंनी ते सांगितलंच नाही.

"काका, तुमच्या गच्चीचं कुलूप कोणीतरी उघडतंय."

नियमकाका ताडकन उठले. "कोण? कपडे?"

"कपडे नाही दिसले. शेंगा खाल्ल्यात."

"शेंगा! सूचना लावलेली असताना?" काकांचा आवाज चढला. "किल्ल्या तीनच आहेत. एक माझ्याकडे, एक वॉचमनकडे, एक बिल्डरच्या सुपरवायझरकडे. बघतोच आता." आणि त्यांनी त्याच संध्याकाळी जुन्याच्या शेजारी आपलं स्वतःचं पितळी कुलूप ठोकलं. देवाधर्माचं काहीही होवो, नियम मोडलेला त्यांना खपत नसे.

गुरुवारी संध्याकाळी सहाला तिसरा विधी. दिवसभर तापलेली इमारत, जिन्यात तीच गर्दी, तोच धूर सरळ वर चाललेला. बाबांनी डोळे मिटायला सांगितले आणि काठी आपटली. नीघ, नीघ, नीघ.

धूर हलला नाही.

बाबांनी पुन्हा तीनदा आपटली, जरा जोरात. मग आणखी तीनदा. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आमचं छत पडेल!"

"आज बसलेला फार जड आहे," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "जुना भाडेकरू दिसतोय. लवकर जागा सोडत नाही."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. एवढ्यात जिन्यावरून, अगदी वरून, लोखंड खडखडल्याचा आवाज आला. खड् खड् खड्, आणि एक शिवी.

"गच्ची!" नियमकाका ओरडले. उदबत्त्यांचा पुडा तिथेच टाकून ते दोन-दोन पायऱ्या चढत वर धावले. पाच मिनिटांनी त्यांनी बाबांच्या एका दाढीवाल्या शिष्याला दंडाला धरून खाली आणलं. त्याच्या हातात सुपरवायझरची किल्ली होती.

"दुसरं कुलूप कुणी घातलं?" शिष्य रडकुंडीला येऊन विचारत होता. "मला तर सांगितलंय, काठी वाजली की दार उघडायचं, सगळे गेले की लावायचं. बस, एवढंच."

कुणालाच काही कळेना. तेव्हा नर्सबाई पुढे झाल्या. त्यांनी उदबत्ती उचलून वहिनीच्या हातात दिली.

"तू धर. आणि कुणीही डोळे मिटू नका. बाबांनी मिटायला सांगितले, मी सांगते, चांगले फाडून बघा. काका, वर जा आणि तुमची दोन्ही कुलपं काढून दार उघडा!"

दार उघडल्याचा आवाज आला. वहिनीच्या हातातला धूर वाकला आणि जिन्याकडे निघाला.

"लावा!"

धूर सरळ.

"उघडा!"

धूर पुन्हा वाकला. चौथ्यांदा लोकच ओरडायला लागले, "उघडा! लावा!" आणि वर नियमकाका घामाघूम होऊन हुकूम पाळत होते.

"तापलेली हवा वर जाते," नर्सबाई म्हणाल्या. "वरचं दार उघडलं की जिना चुलीच्या धुराड्यासारखा ओढतो. खालचं इमारतीचं काचेचं दार आपोआप बंद होतं, जिन्याच्या खिडक्या तुम्ही बंद केल्यात. मग जिना हवा कुठून ओढणार? दार उघडं असेल त्या घरातून. यात कुणी बसत नाही की उठत नाही."

"मीही हेच सांगत होतो," बाबा म्हणाले, "फक्त माझ्या भाषेत," आणि लिफ्टचं बटण दाबत राहिले. लिफ्ट यायला वेळ लागला. तेवढ्यात लोकांनी त्यांना लोकांच्या भाषेत बरंच ऐकवलं.

नर्सबाईंना वाटलं, झालं. पण कसलं काय!

"मग सोपं आहे," एकजण म्हणाला. "गच्चीचं दार उघडं ठेवू. संपला प्रश्न."

"आणि कपडे?" नियमकाका वरून ओरडले.

"घालू की वाळत! गच्ची काय तुमच्या एकट्याची आहे?"

बघता बघता दोन वर्षांपूर्वीचं भांडण नव्याने पेटलं. कुणाची चादर कुणाच्या दोरीवर होती इथपर्यंत गाडी गेली. नर्सबाईंचा बांध फुटला.

"गप्प बसा! चादरी कसल्या काढताय? या इमारतीत अकरा माणसं रक्त ओकायच्या वाटेवर आहेत. माझी वहिनी त्यातली एक आहे. आठ दिवस तिने गोळी घेतली नाही, कारण तिला वाटलं भूत गेलं. मी दोन वर्षं हेच सांगतेय, तर मला म्हणता, बाई, पुढच्या आठवड्यात या. आणि उदबत्तीवाला आला की मजला भरतो!"

नर्सबाईंनी आतल्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"दार उघडलंत, वारा आला. आला कुठून? या खिडकीतून. खिडकीत कुठून? बोळातून. बोळात? मैदानाकडून, त्या एका तोंडातून. त्याच तोंडावर तिसरी इमारत येतेय. मग गच्ची उघडा नाहीतर छप्पर काढा, धुराड्याला ओढायला त्या फटीतली खोकल्याची हवाच उरेल. म्हणून हा बाबा फुकट आला होता. शनिवारपर्यंत तुम्ही डोळे मिटून राहावं म्हणून."

वहिनीच्या हातातली उदबत्ती बोटांपर्यंत जळत आली होती. तिने ती विझवली, दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "कागद कुठाय?"

"अगं, पण बाबा म्हणाले होते..." दादा पुटपुटला.

"बाबा लिफ्टने गेले. खोकते मी." तिने कागद भिंतीला लावला आणि सही केली. मग नर्सबाईंना हळूच विचारलं, "वन्सं, आठ दिवस चुकलेत. आता काय होईल हो?"

"उद्या सकाळी आधी डॉक्टरांकडे. ते सांगतील पुढे कसं न्यायचं. पण आता एकही दिवस चुकवायचा नाही. मळमळलं तर मला सांग, बाबाला नाही."

त्या संध्याकाळी छप्पन्न घरांपैकी चौतीस सह्या झाल्या. नियमकाकांनी प्रत्येक सहीपुढे फ्लॅटचा नंबर आणि वेळ लिहिली. बावीस घरांनी केल्या नाहीत. काहींना बिल्डरची भीती होती, काहींना अजून बाबाची. डोळ्यांनी बघून, चारदा बघून, तरीही! नर्सबाई त्या बंद दारांसमोरून खाली उतरल्या तेव्हा त्यांना जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं.

शनिवारी हरकत दाखल झाली. सुनावणीत साहेबांनी अकरा रोग्यांची यादी दोनदा वाचली आणि नकाशा फेरमोजणीला परत पाठवला. रद्द केला नाही, परत पाठवला. खोकल्याला रकाना अजूनही नाही. यादी नकाशाला टाचणीने लावून ठेवली आहे. वहिनी रोज सकाळी गोळी घेते, तोंड वाकडं करून घेते, पण घेते.

नवं घर मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त नकाशावर सही करताना पार्किंग किती ते विचारता, तसंच हेही विचारा की वारा कुठून येणार आणि कुठून जाणार. आरोग्य ही आजारी पडल्यावर दवाखान्यातून आणायची वस्तू नाही. ते आधी घराच्या भिंतींत आणि दोन इमारतींमधल्या अंतरात ठरतं. आणि कोणी तुमच्या दारात धूर वाकवून दाखवला, तर हात जोडण्याआधी जिना चढून वर जा आणि दारापाशी कोण बसलंय ते बघून या.