आठशे गाठी

"काल घरी किती वेळ अभ्यास केला?" वर्गात शिकवता शिकवता माझ्या बाबांनी विचारलं.

"आठशे गाठी, गुरुजी," सोमारी म्हणाली.

सातवीचा अख्खा वर्ग खो खो हसला. मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हंजे कसं?"

"जाळं विणता विणता वाचतो जी. पुस्तक पुढं ठेवतो, पानावर गोटा ठेवतो. दोनशे गाठींत इतिहासाचा एक धडा होते. गणिताले जास्ती लागतात."

सोमारीच्या घरी घड्याळ नव्हतं. घड्याळ गावात एकच, आमच्याकडे, आणि ते माझं होतं. मागे दोन चाव्यांचं, गजराचं. माझे वडील गुणवंतराव शाळेचे मुख्य गुरुजी. त्यांनी लाल शाईनं माझं वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवलं होतं. पहाटे जादा वर्ग, मग शाळा, संध्याकाळी पाच ते साडेपाच पेटी, सहा ते आठ अभ्यास. बावन्न साली आमच्या झाडीतल्या गावात असं वेळापत्रक असलेली मुलगी मी एकटीच, आणि त्याची मला केवढी मिजास!

बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "आठशे गाठी! पाह्य कमळे, याले म्हणतात वेळेचा उपयोग."

मी तासातासाला घड्याळ बघून अभ्यास करायची, त्याचं कौतुक नाही. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय!

सोमारी तलावापलीकडच्या ढिवरांच्या वस्तीतली. बाप इस्तारी जाळं टाकायचा, माय भागीरथा मासे विकायची, आणि जाळी विणायचं काम सोमारीचं. पोरीनं सातवीपर्यंत शिकावं हे त्या वस्तीत नवलच. इस्तारीनं बाबांना ओसरीवर बसून सांगितलं होतं, तेव्हा मी दाराआड होते.

"एकच साल, गुरुजी. पास झाली त तुमी म्हणता त्या मास्तरणीच्या ट्रेनिंगले धाडीन. नाई त वैशाखात लगीन. सोयरे थांबून राह्यले."

म्हणजे तिचं सगळं त्या एका परीक्षेवर होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. नंतर कधी 'लहान होते, कळलं नाही' असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

जादा वर्ग सूर्य उगवायच्या आधी भरायचा. मी शाळेच्याच आवारात राहणारी, गजर लावून उठणारी, तरी तोंड धुऊन यावं तर सोमारी पायरीवर बसलेली. कमरेला सुताचा गुंडा, हातात बांबूची पट्टी, गाठी चालू. एका सकाळी मी मुद्दाम गजर अर्धा तास आधी लावला. बाहेर आले. ती होतीच.

"तुले कोण उठवते वो?" मी वैतागून विचारलं.

"कोणी नाई. शुक्कराची चांदणी निंघाली का डोळे उघडतात आपोआप."

तेही एक वेळ मी सोसलं असतं. पण पेटी! पाच ते साडेपाच मी पेटीवर बसायची आणि जांभया द्यायची. सोमारी त्या वेळी आईला मासे द्यायला यायची आणि दारात उभी राहून ऐकायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेले आणि परत येते तो माझंच गाणं पेटीवर वाजत होतं. एका बोटानं, पण एकही स्वर न चुकता. मला ते महिनाभर जमलं नव्हतं. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "रोज येत जा पोरी. अर्धा तास तुले देईन."

तो अर्धा तास माझ्या वेळापत्रकातला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी मला आवडत नव्हती, हे खरं आहे. तरीही झाला.

परीक्षा एप्रिलात, सकाळी साडेसातला, तीन कोसांवरच्या गावी. पहिला पेपर गणिताचा. आम्ही पाच जण खुशालभाऊच्या बंडीतून जाणार होतो. बंडी पहाटे चारला निघायची होती, आणि सोमारीनं तलावाच्या पाळीच्या टोकाला उभं राहायचं असं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी बाबांनी माझं घड्याळ उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"तीनचा गजर लाव. उद्याच्या दिवशी अंदाजपंचे नाई चालत. घड्याळ खोटं बोलत नाई."

"इतके दिवस ती कोणत्या घड्याळानं उठे?" मी विचारलं.

"तुले मी उठवीन," बाबा म्हणाले. "जा, तिले चावीचं समजावून दे."

आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात बसलो. सोमारीनं घड्याळ पदरानं पुसून मांडीवर घेतलं. मागच्या दोन चाव्यांपैकी एक गजराची, एक घड्याळ चालण्याची. चालण्याची चावी रोज दिवेलागणीला द्यावी लागे. दिली नाही तर मध्यरात्रीनंतर कधीतरी ते बंद पडे. मी तिला गजराची चावी दाखवली. किती फेरे द्यायचे, काटा तीनवर कसा आणायचा, सगळं नीट सांगितलं.

"आन हे दुसरी?" तिनं विचारलं.

"तिले हात नको लावू. बिघडंल."

ती नापास व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. तिचं लग्न लागावं असंही नव्हतं. तिनं एकदा, एकदा तरी माझ्यानंतर यावं, एवढंच मला हवं होतं.

पहाटे बंडी पाळीच्या टोकाशी थांबली. तिथं कोणी नव्हतं. बाबांनी हाका मारल्या. मी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसले होते.

खुशालभाऊ म्हणाला, "ते काऊन थांबते गुरुजी? पायीच गेली असंल पुढं. ढिवराची पोरगी आहे, बैलाच्या आधी पोचते."

बाबांना ते पटलं. सोमारी कधी मागे राहतच नव्हती, म्हणून पटलं. बंडी निघाली. अजून सांगता आलं असतं. अर्ध्या वाटेवरूनही सांगता आलं असतं. मी पाढे पाठ म्हणत राहिले.

ती आली तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. खिडकीतून मला दिसली. पाय धुळीनं भरलेले, पदर कमरेला खोचलेला, काखेत फडक्याचं गाठोडं. आठनंतर कोणाला आत घेत नव्हते. बाबा दारावरच्या साहेबांपुढे हात जोडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं. साहेब मान हलवत राहिले. मी खाली बघून व्याजाचं उदाहरण सोडवलं. ते चुकलं.

परतताना सोमारी बंडीत माझ्यासमोरच बसली. मग तिनं गाठोडं सोडलं आणि घड्याळ बाबांपुढे ठेवलं. काटे दोन वाजून दहा मिनिटांवर होते.

"गुरुजी, माह्या हातून बिघडलं जी. मी उठली होती. माय म्हणे, शुक्कर निंघाला, जाय. मी म्हटलं, घड्याळात दोनच वाजले, गुरुजीचं घड्याळ आहे माय, ते खोटं नाई बोलत. मंग पडली पुन्हा. डोळे उघडले त ऊन." "माहा बाप म्हणे, दुरुस्तीसाठी मोठं जाळं विणून देऊ."

बाबांनी घड्याळ उलटं केलं, चालण्याची चावी धरली आणि फिरवली. ती फिरतच राहिली. घड्याळ टिकटिक करू लागलं.

"चाललं!" सोमारी एकदम हसली. "बिघडलं नव्हतं ना गुरुजी?"

"नाई पोरी," बाबा म्हणाले. "तुह्या हातून काईच बिघडलं नाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त त्या दिवसापासून घड्याळाला चावी ते स्वतः देऊ लागले.

बाकीचे पेपर सोमारीनं दिले. गणित सोडून प्रत्येक विषयात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले, आणि तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. गणिताविना ती नापास. वैशाखात तिचं लग्न झालं. ट्रेनिंगला मी गेले.

याला आता सात वर्षं झाली. बाबा निवृत्त झालेत, त्यांच्या शाळेत, त्यांच्याच खुर्चीवर आता मी बसते. घड्याळ टेबलावर असतं. दर बुधवारी बाजाराच्या दिवशी सोमारी तिच्या सासरच्या गावाहून माशांची टोपली घेऊन येते आणि शाळा सुटेपर्यंत पायरीवर थांबते. हातात तीच बांबूची पट्टी, कमरेला सुताचा गुंडा. मला आता ती बाई म्हणते.

शाळा सुटायची वेळ झाली की मी घड्याळाकडे बघते. चाराला एक मिनिट कमी असतं. तेवढ्यात बाहेर सोमारी गाठ आवळून उठलेली असते, लुगडं झटकून टोपली डोक्यावर घेत असते. तिच्या उठण्यानंतर मी घंटा देते. इतक्या वर्षांत एकदाही ती माझ्यानंतर उठलेली नाही.

जाताना ती दारातून आत डोकावते आणि दर बुधवारी एकच प्रश्न विचारते. त्यात टोमणा असेल म्हणून मी तिचा चेहरा नीट न्याहाळते. कधीच नसतो. बिचारीला खरोखरच त्या घड्याळाची काळजी वाटते.

"बाई, चावी देल्ली काय?"

"देल्ली वो," मी म्हणते.

"मंग बरं," म्हणते आणि ती बाजाराकडे चालू लागते.