साडेतीन वाजता या

“अजून किती लांब?” दोत्तोरे ब्रिवियोंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हे काय, आलंच,” मी तिसऱ्यांदा खोटं बोलले आणि सावलीतली फरसबंद गल्ली सोडून उन्हातल्या गोट्यांच्या गल्लीत वळले.

मांतोवातले जुने रस्ते नदीतल्या गोल गोट्यांचे आहेत. आम्ही इथली माणसं जाड तळव्यांचे बूट घालतो. दोत्तोरे आम्ही कुठल्याही शिकलेल्या माणसाला म्हणतो; या दोत्तोरेंच्या पायांत पातळ कापडी बूट होते. त्यांच्याच पुस्तकात, पान एकशे बारावर लिहिलंय, ‘मांतोवा सपाट आहे, मुलांना साधे हलके बूट पुरेत.’ सकाळी नऊपासून मी त्यांना त्यांच्याच सल्ल्यावर चालवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जूनचं ऊन, तळव्यांखाली गोटे. माझ्या मनात दया येत नव्हती, आणि ती यावी म्हणून मी काही प्रयत्नही करत नव्हते.

त्यांचं पुस्तक, ‘मुलाबाळांसह इटली’, तुमच्या घरी नसेल तर शेजाऱ्यांकडे नक्की असेल. व्हेनिसमध्ये पहाटे फिरा, फ्लॉरेन्सला दिवसाला एकच संग्रहालय बघा, रोममध्ये रस्त्यावरच्या नळाचं पाणी बिनधास्त प्या, चर्चमध्ये जाताना पोरींचे खांदे झाका. खरं सांगायचं तर पुस्तक वाईट नाही. मीही गाइडचं काम करते, सल्ला बरा की वाईट हे मला कळतं. माझं भांडण फक्त एका परिच्छेदाशी आहे. पान एकशे तेरा, शेवटच्या चार ओळी. त्या मला अठ्ठावीस वर्षं पाठ आहेत.

‘सान बियाजोचं छोटं चर्च टाळा. अंधार, ओल आणि एक दारुडा राखणदार. तोंडाला वास मारतो आणि मुलांवर खेकसतो. आमची मुलगी घाबरून रडली. तेवढ्या वेळात आइस्क्रीम खा.’

तो राखणदार म्हणजे माझे वडील, अल्चिदे बोत्तूरा.

ब्रिवियो इथे आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात जेमतेम हलायचा, तोंड डावीकडे ओघळलं होतं आणि शब्द जिभेवर अडखळायचे. डॉक्टरांनी वाइन बंद केली, ती त्यांनी त्या दिवसापासून सोडली. आमच्याकडे गरम सूपमध्ये लाल वाइन ओतून पितात; लहान पोरांनाही थेंबभर मिळते. ते सुद्धा नाही. सगळ्या मांतोवात वाइनला न शिवणारा एक माणूस होता, आणि ह्या गृहस्थांनी नेमका त्यालाच दारुडा म्हणून छापला.

ते पुस्तक हातात घेऊन येणाऱ्या आया दारापाशी पोरांचे दंड धरून मागे ओढायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या वसंतात चर्चच्या मंडळाने बाबांकडून किल्ली काढून घेतली, फार गोड शब्दांत. बत्तीस वर्षं सांभाळलेली किल्ली. दोन वर्षांनी ते गेले. मी प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, छापील कार्ड: वाचकांच्या सूचनांचं आम्हाला नेहमीच अगत्य वाटतं. आणि त्या चार ओळी प्रत्येक आवृत्तीत तशाच छापून येत राहिल्या.

म्हणून गेल्या महिन्यात मार्ता ब्रिवियो नावाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. वडिलांचं आता होत नाही, संपादन तिच्याकडे आलं होतं. वडील आणि आठ वर्षांची मुलगी, दोघांना घेऊन ती शहरं पुन्हा बघत निघाली होती. मांतोवात अर्धा दिवस हवा होता.

“पान एकशे तेरा बदलणार आहात का?” मी विचारलं होतं.

“मांतोवाचं ना? नाही, बाबा म्हणतात ते चांगलंच आहे,” ती म्हणाली.

“मग या,” मी म्हटलं. “जरूर या.”

आणि आता ते आले होते. मार्ता साधी, पस्तिशीची बाई, सारखी वहीत टिपणं करणारी. तिची आग्नेसे माझ्या बोटाला धरून चालत होती. तिला भूक लागली तशी मी पिशवीतून बदामाची खुसखुशीत पोळी काढली. ती सुरीने कापायची नसते, हाताने मोडायची असते. मोठा तुकडा आग्नेसेला दिला, एक मार्ताला. दोत्तोरे वीस पावलं मागे लंगडत होते. त्यांना मी विचारलं नाही.

“बाबा, बसायचं का जरा?” मार्ताने मागे वळून हाक मारली.

“बसायचं काय त्यात! या बाईंना रस्ता माहीत नाही, एवढंच म्हणणं आहे माझं. तीन वेळा त्याच मनोऱ्याखालून गेलो आपण.”

“दोन वेळा, दोत्तोरे,” मी म्हटलं. तीन वेळा गेलो होतो.

सान बियाजोच्या दारात पोचलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. साडेबारा ते साडेतीन चर्च बंद असतं. पूर्वीही असायचं, आजही असतं. आमच्याकडे दुपारी सगळं बंद असतं, हे कुत्र्यामांजरालाही ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीही ब्रिवियो बरोबर याच वेळी आले होते, आणि बाबांनी त्यांना साडेतीनला या म्हणून सांगितलं होतं. आता किल्ली सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. मंडळाला दुसरं कुणी मिळालं नाही.

“मुलीला आधी आत घ्या, ऊन आहे,” मी म्हटलं. मार्ता आणि आग्नेसे आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग शिरले आणि आतून अडसर घातला.

“अहो, बाबा बाहेर राहिले!”

“माहितीये. दोनच मिनिटं. माझ्यावर एवढे उपकार करा, काही बोलू नका, फक्त ऐका.”

माझा आवाज कसा होता कोण जाणे, तिने वही मिटली.

दारावर मूठ आपटली. मग पुन्हा. “सिन्योरा! काय चाललंय? दार उघडा!”

दारात हातभर उंचीची जाळीची खिडकी आहे. मी ती उघडली, आणि तोंडाची डावी बाजू खाली सोडली.

माझ्या वडिलांचं तोंड मी त्याआधी कधीच करून दाखवलं नव्हतं. शेजारचा एक टवाळ करायचा, तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. त्या दिवशी ते तोंड माझ्या चेहऱ्यावर अगदी सहज बसलं.

“शाडे... तीन वाज्ता... या,” मी म्हटलं.

“काय? काय म्हणालात?”

“शाडेतीन... वाज्ता.”

दोत्तोरेंचा चेहरा लाल झाला. रस्त्यावरून कुणी बाई सायकल हातात धरून जात होती. ते तिच्याकडे वळले. “बघा हो, बघा! ही बाई प्यायलीय! सकाळपासून वास मारतोय हिच्या तोंडाला! माझी नात आत आहे, कुणालातरी बोलवा!”

मी खिडकी लावली. आत गार अंधार होता. आग्नेसेने विचारलं, “आई, पण या कुठे प्यायल्या? आपल्याबरोबरच तर होत्या. वास तर बदामाचा येतोय.”

मार्ता माझ्याकडे बघत होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं, पान एकशे तेरा उघडलं आणि तिच्या हातात दिलं. वाचायला उजेड नव्हता, पण तिला तो लागलाच नाही.

“ती मी होते,” ती म्हणाली. “रडणारी मुलगी.”

“हो. तुम्हीच.”

“ते खेकसले नव्हते.” तिने पुस्तक छातीशी धरलं. “मला आठवतंय. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. हसताना तोंड एकीकडेच गेलं, मी घाबरले. मी रडले आणि बाबा चिडले. मी नंतर कधी विचारलंच नाही. मला वाटलं, बाबांना ठाऊक असणार, ते मोठे आहेत.”

तिच्यावर रागवावं असं मी ठरवून आले होते. सगळ्या ब्रिवियोंना एकाच मापाने मोजायचं होतं. पण सात वर्षांच्या पोरीवर किती रागवायचं?

“त्यांना झटका आला होता,” मी म्हटलं. “त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते काय म्हणाले, सांगू? एक लहान मुलगी आली होती, तिला कुत्रा दाखवायचा राहिला. साडेतीनला येतील म्हणून त्यांनी आरसा पुसून ठेवला होता. सहापर्यंत ते दारात उभे होते. तुम्ही आइस्क्रीम खायला गेलात.”

बाहेर दोत्तोरे पुन्हा दार ठोकू लागले. आता मूठ नव्हती, तळहात होता.

“कुत्रा कुठाय?” आग्नेसेने विचारलं.

समोरच्या भिंतीवर पाचशे वर्षांपूर्वी रंगवलेली लग्नाची पंगत आहे. चर्चला एकच खिडकी, ती उंच आणि काजळलेली, त्यामुळे भिंतीवर नुसता काळोख दिसतो. बाबा दारात उन्हात उभे राहायचे आणि दाढीच्या आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडायचे. तो कवडसा हळूहळू सरकवत पाहुण्यांचे चेहरे, ताटं, पेले दाखवायचे आणि शेवटी टेबलाखाली थांबायचे. तिथे हाड पळवणारा कुत्रा आहे. तो पोरांनीच शोधायचा असतो, राखणदाराने नाव घ्यायचं नसतं. झटक्यानंतरही ते उजव्या हाताने दाखवायचे, आरसा छातीला टेकवून.

तो आरसा माझ्या खिशात होता. मी अडसर काढला.

दार उघडलं तसं ऊन आत आलं आणि त्या उन्हात दोत्तोरे उभे, घामाने निथळलेले.

“हा काय तमाशा आहे?” ते मार्तावर ओरडले. “ही बाई शुद्धीत तरी आहे का?”

“पूर्ण शुद्धीत आहे, बाबा,” मार्ता म्हणाली. तिने पुस्तक उघडून त्यांच्या पुढ्यात धरलं. “हे तुम्ही कुणाबद्दल लिहिलंत, ठाऊक आहे? यांच्या वडिलांबद्दल. आजारी होते ते. आणि तुम्ही आत्ता पुन्हा तेच केलंत. अगदी तेच शब्द. वास येतोय म्हणालात. कसला वास, बाबा?”

दोत्तोरे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड सरळ ठेवलं होतं, दोन्ही बाजू सारख्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आधी कपाळाला आठ्या आल्या, मग त्या गेल्या आणि नजर खाली, आपल्या कापडी बुटांवर आली. ते बोलायला लागले, “त्या काळी मला... दिवसाला तीन शहरं...” आणि तिथेच थांबले.

माफी मागितली असती तर काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. त्यांनी मागितलीही नाही. मी आरसा त्यांच्या हातात दिला.

“उन्हात उभे राहा. कवडसा आत पाडा. नातीला कुत्रा बघायचाय.”

“मी?”

“हो. राखणदार नाहीये ना आता.”

ते उंबऱ्यावर उभे राहिले. कवडसा आधी छतावर गेला, मग खांबावर, मग एकदाचा भिंतीवर आला. आग्नेसे उड्या मारायला लागली. “आजोबा, खाली! टेबलाखाली! तिकडे नाही, डावीकडे!”

कवडसा डावीकडे गेला, परत आला, नवरीच्या नाकावरून घसरून पेल्यांवर लटपटू लागला.

“आजोबा, नीट धरा ना! किती हलतंय!”

“धरतोय गं,” दोत्तोरे हळूच म्हणाले. “हात थरथरतो माझा.”

“वयाने थरथरतो, बाळ,” मी म्हटलं. सायकलवाली बाई अजून रस्त्यातच उभी होती. तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. “तुझे आजोबा प्यायलेले नाहीत.”

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांचा वचपा निघाला, तोही त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच हातून.

“दिसला!” आग्नेसे ओरडली. “आई, बघ, हाड घेऊन पळतोय!”

मार्ता भिंतीपाशी गेली आणि त्या कुत्र्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पर्समधून पेन्सिल काढली, पुस्तकातल्या चार ओळी एकेक करून खोडल्या आणि मागे न बघताच विचारलं, “नाव काय होतं त्यांचं?”

“अल्चिदे बोत्तूरा. पूर्ण लिहा.”

तिने लिहिलं.

दोत्तोरे उन्हात उभेच होते. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. दाराआड बाबांची वेताची खुर्ची आहे, तिच्याकडे त्यांची नजर दोनदा गेली. बाबा असते तर त्यांनी ती आपल्या धड हाताने ओढत आणून दिली असती. मला म्हणाले असते, “अगं लोरेता, म्हातारा माणूस आहे, किती वेळ उभा करशील?”

“झालं ना आता?” दोत्तोरेंनी विचारलं.

“आग्नेसे,” मी म्हटलं, “वरच्या बाजूला एक मांजर आहे. शोध बघू.”

कवडसा पुन्हा थरथरत वर चढला. त्या चित्रात मांजर नाही.