कुठल्या शाळेत होतास?

इतिहासात पहिला वर्ग मिळवलेल्या पोरीला ग्लासगोत बिअर ओतायचीसुद्धा नोकरी मिळत नाही, हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. जावं तिथे एकच पालुपद, अनुभव आहे का? अरे, पहिली नोकरीच देत नाही तर अनुभव काय आभाळातून पडणार? आई रोज विचारायची, "मॉर्वेन, झालं का गं काही?" आणि मी दार आपटून बाहेर पडायची.

शेवटी गिलक्रिस्ट नावाच्या एकाने त्याच्या पबमध्ये बोलावलं. एक दिवस फुकट राबून दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी. गेले तर तिथे आणखी एक जण हजर. रोरी, तत्त्वज्ञान शिकलेला, कडक इस्त्रीचा शर्ट आणि वर टाय. जागा मात्र एकच.

"आज मॅच आहे," गिलक्रिस्ट म्हणाला. "जो टिकेल त्याची नोकरी. आणि काहीही होवो, काउंटर सोडून बाहेर यायचं नाही."

भर दुपारची फुटबॉल मॅच. पब निळ्या शर्टांनी गच्च भरलेला, आणि नेमका निळ्यांचाच संघ हरला. शिव्यांना ऊत आला. मी मान खाली घालून ग्लास भरत होते. रोरीचा हात माझ्यापेक्षा चपळ चालत होता. ही पण जागा गेली, असंच वाटायला लागलं.

तेवढ्यात बैलासारख्या मानेच्या एका गिऱ्हाइकाने रोरीला विचारलं, "काय रे, कुठल्या शाळेत होतास?"

या प्रश्नाचा आमच्याकडे शिक्षणाशी काडीचा संबंध नसतो. तू कॅथलिक, म्हणजे हिरव्यांचा, की प्रोटेस्टंट, म्हणजे निळ्यांचा, एवढंच विचारायचं असतं. शेंबडं पोरसुद्धा इथे विषय बदलतं. पण इंटरव्ह्यू देऊन देऊन रोरीच्या डोक्याचा भुगा झालेला. प्रश्न आला की ताठ उभं राहायचं, हसायचं आणि खरं उत्तर द्यायचं. त्याने 'सेंट' लावून शाळेचं अख्खं नाव सांगितलं, म्हणजे सरळसरळ कॅथलिक. वर म्हणाला, "वक्तृत्वात पहिला होतो."

"पहिला का?" म्हणत त्या माणसाने टाय धरून त्याला पुढे ओढलं आणि त्याचं तोंड काउंटरवर आपटलं. पुन्हा आपटलं, तसा एक दात उडून माझ्या ट्रेमध्ये पडला. मग त्याने टायचा फास आवळला.

"मॉर्वेन, जागची हलू नकोस!" गिलक्रिस्ट ओरडला.

हलले नसते तर नोकरी माझीच होती. कळत होतं मला! पण पोरगा निळा पडायला लागला होता हो. मी बर्फाची लोखंडी बादली उचलली, काउंटरवरून उडी मारली आणि त्या बैलाच्या कानशिलावर हाणली. तो वळला, तशी पुन्हा हाणली. तो धाडकन पडला. त्याच्या दोस्ताने माझे केस धरून पोटात लाथ घातली. मी त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की तोंडात रक्त आलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पब रिकामा झाला. रोरी जमिनीवर बसला होता, तोंडाला टॉवेल लावून. गिलक्रिस्ट त्याच्यासमोर उकिडवा बसला, आवाजात नुसता मध.

"पोलिसांना कशाला मधे घ्यायचं, बाळा? नोकरी तुझी. कायमची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काउंटर सोडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नीघ तू."

"अरे, मी नसते तर इथून याचं मढं गेलं असतं!" मी किंचाळले. "रोरी, सांग ना याला!"

रोरीने माझ्याकडे पाहिलं. टॉवेल खाली केला.

"सोमवारी किती वाजता येऊ, सर?"

मी त्याच्या त्या सुजलेल्या गालावरच खाडकन ठेवून दिली. त्याने तोंड चुकवलंसुद्धा नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, म्हणून तर हात इतका जोरात पडला.