फर्मिनच्या छातीची राखणदारीण

मित्रांनो, डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला कमी लेखू नका. मी एक जुनी राखणदार पेशी आहे. फर्मिन काल्सिनच्या उजव्या फुफ्फुसात, हवेच्या एका इवल्याशा फुग्यात माझं बिऱ्हाड. श्वासाबरोबर आलेली धूळ, चुलीचा धूर, चोरपावलांनी शिरलेले जंतू, सगळं मी गिळून टाकते. कधी कुणी शाबास म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

फर्मिन सिकू वाजवतो. वेळूच्या नळ्यांचा हा पावा एकट्यानं वाजतच नाही, कारण सूर दोघांत वाटलेले असतात. सा फर्मिनकडे, तर रे त्याचा मेहुणा इलारिओ याच्याकडे. म्हणून जोडीदाराला अर्ध्या गाण्यावर सोडायचं नाही, ही आमच्या गावची रीत.

कांदेलारिया मातेच्या जत्रेच्या तोंडावर गावात फ्लू आला. विषाणू फर्मिनच्या छातीत घुसला आणि आम्ही कंबर कसली. शरीरभर धोक्याचे निरोप सुटले, कुमक आली, विषाणूचा फडशा पडला. पण त्या धुमश्चक्रीत माझ्या कितीतरी बहिणी गेल्या, श्वासनळीचं अस्तर सोलवटलं. आणि खरं सांगते, विषाणूशी लढा म्हणून ओरडणाऱ्या त्या निरोपांनीच आम्हा उरलेल्यांची जंतू गिळायची भूक मारून टाकली.

ताप उतरला तसा इलारिओ दारात हजर.

"दाजी, उठा आता! तुमच्याविना माझं गाणं लंगडतंय. पोरं हसतात मला."

"ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं होय रे?" फर्मिनची बायको सातुर्निना भावावर खेकसली. "जरा पडू दे की त्यांना!"

"अगं, त्याला एकट्याला कसं सोडू?" असं म्हणत फर्मिननं लोकरीचा पोंचो अंगावर चढवला आणि तो बोचऱ्या वाऱ्यात तालमीला गेला.

त्याच्या नाकात मुकाट बसलेल्या न्यूमोनियाच्या जंतूंनी नेमकी हीच संधी साधली. ते खाली उतरले. मी धावले, पण माझ्या अंगात त्राणच नव्हतं! बघता बघता ते वाढले, माझा फुगा पाण्यानं भरला. फर्मिनला हुडहुडी भरली, बरगडीत कळ आली, खोकल्यातून तांबूस बेडका पडला. त्याचे निळसर ओठ पाहून सातुर्निना किंचाळली, "इलारिओ, ठेव तो पावा आणि गाडी आण! माझा नवरा चाललाय रे!"

दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. "फ्लूनंतर पुन्हा ताप चढला की घरी बसायचं नसतं," नर्सबाई म्हणाल्या. "वेळेत आणलंत म्हणून बरं."

औषधानं जंतू ढेपाळले. रक्तातून नव्या दमाच्या पेशींचे लोंढे आले. प्रतिद्रव्यांनी जंतूंना चिकटून चिकटून आम्हाला त्यांची ओळख पटवून दिली. आणि मित्रांनो, माझी भूक परतली! असा ताव मारला म्हणून सांगू! जंतू गिळले, धारातीर्थी पडलेले आमचे सैनिकही गिळले आणि घर लख्ख केलं. जिंकलो आम्ही!

फर्मिनची जत्रा मात्र हुकली. सातुर्निनानं त्याच्या नळ्या सरळ स्वतः उचलल्या.

"बायका कुठं वाजवतात, ताई?" इलारिओ चाचरत म्हणाला.

"आज वाजवणार. तुझ्या गाण्यापायी माझं कुंकू पुसलं जात होतं, आता गुमान फुंक!"

खिडकीतून ते गाणं ऐकत फर्मिन निवांत पडून राहिला.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. फ्लूची लस वेळेवर टोचून घ्या. ताप उतरला तरी आम्हाला सावरायला थोडी उसंत द्या. तुम्ही उठून बसता, तेव्हा आत आम्ही अजून पडझड आवरत असतो.

पुढच्या जत्रेत फर्मिन चौकात उभा राहिला. शेवटच्या सुराला त्यानं छाती भरून श्वास घेतला. माझा फुगा टरारला! तो सूर लांबला, आणखी लांबला. त्याच्या जोडीनं फुंकून दमलेला इलारिओ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत ओरडला, "दाजी, पुरे! आता मी मरेन!"

फर्मिन काही थांबला नाही.