सिस्टरांनी उतरवलेला ताप

दचकू नका, या ताडपत्रीखालून मीच बोलतेय. मी एक वॉटर स्कूटर. अंगाचा रंग एके काळी लालभडक होता, आता तुम्ही म्हणाल तो. आवाजही घोगरा झालाय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा पहिला मालक हौशी होता. नव्याची नवलाई होती तोवर दर सुट्टीला मला तळ्यावर न्यायचा. मग पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आणि विसरला. किती उन्हाळे त्या पत्र्याखाली काढले, माझं मला माहीत.

तिथून मला काकांनी आणलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, आता निवांत बसा. तर हे गृहस्थ मला घेऊन दारात हजर. काकू म्हणजे निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, आणि लाडात आले की काकाही तेच म्हणायचे. सिस्टरांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही सवत राहणार कुठे?"

राहिले अंगणातच. काका रोज सकाळी मला पुसायचे आणि तळ्यावर नेऊन मोकळी सोडायचे. इतकी वर्षं गाडी हाकली, पण दर थांब्यावर ब्रेक मारावा लागायचा, इथे थांबाच नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. सिस्टर काठावरच्या बाकावर विणत बसायच्या. रक्ताला, सुईला कधी न बिचकलेली बाई पाण्याला मात्र टरकून असायची. पाऊलसुद्धा भिजू द्यायची नाही.

आणि मग मला ताप यायला लागला.

माझं असं आहे, इंजिनाचा धूर ज्यातून बाहेर पडतो तो एक्झॉस्ट थंड ठेवायला मला तळ्याचंच पाणी लागतं. मागचा पंप ते खेचतो, रबरी पाइपांतून एक्झॉस्टभोवती खेळवतो आणि मागच्या बाजूच्या एका भोकातून धार बाहेर सोडतो. हे पाणी अडलं की एक्झॉस्ट भाजून निघतो, बझर कोकलायला लागतो आणि माझी आपोआप गोगलगाय होते. काकांनी वेग धरला रे धरला की थोड्या वेळात हे ठरलेलंच.

काकांनी माझ्या पोटाखालची जाळी साफ केली, अडकलेलं शेवाळ उपसलं. मेकॅनिकनं अंगणात नळाचा पाइप लावून मला चालू केलं, तर मी अगदी गुणी बाळ. त्यानं ताप मोजणारा सेन्सरही बदलला. तळ्यावर पुन्हा तेच रडगाणं. शेवटी एकदा मी भर तळ्यात बंद पडले आणि एका कोळ्यानं होडीला दोर बांधून आम्हाला काठाला आणलं. सिस्टर उभ्या होत्या. हातातला लोकरीचा गुंडा पाण्यात पडून भिजत होता, त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही काठाला लागताच त्या वळून घराकडे चालू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

काकांनी मला विकायचं ठरवलं. मेकॅनिकच्या ओळखीचा एक जण सुटे भाग काढून घ्यायला तयार होता. त्यानंतर काका खिडकीत दिसायचे ते टीव्हीसमोर, आणि टीव्ही बंद असायचा. सिस्टर ते बघत होत्या.

मेकॅनिक मला न्यायला आला, तेव्हा त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हिला ताप नेमका कधी चढतो?"

मेकॅनिक म्हणाला, उभी असताना नाही, हळू चालवली तरी नाही. पळवली की चढतो.

"मग तुम्ही पेशंटला खाटेवर झोपवून तपासताय. जिना चढायला लावा की."

मेकॅनिक हसला. म्हणाला, खरंय, पळताना पाण्याची धार बघायला हवी, पण चालवणाऱ्याला ती दिसत नाही. मागे कुणीतरी बसायला हवं, आणि मी बसलो तर ही पळायचीच नाही. त्याच्या पोटाचा घेर बघता ते बरोबर होतं.

काका जमिनीकडे बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय?"

तळ्यावर त्या माझ्यावर बसल्या तेव्हा पाऊल भिजू नये म्हणून त्यांनी पाय वर ओढून घेतले होते. एका हातानं काकांचा शर्ट मुठीत धरला, मान मागे वळवली आणि वॉर्डातल्या आवाजात सांगायला लागल्या, धार जाड आहे, वाढवा. अजून जाड आहे, वाढवा. मग धार बारीक झाली. मग थेंब राहिले. बझर वाजायच्या आधीच त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारून मला थांबवलं. जास्त पाणी यायला हवं तेव्हाच माझ्यातली पाण्याची वाट बंद होत होती.

काठावर त्यांनी माझी सीट उघडायला लावली. एकेक रबरी पाइप बोटांत धरून शीर चाचपावी तसा दाबला. एकावर बोटं थांबली. त्या म्हणाल्या, दवाखान्यातल्या जुन्या नळ्या अशाच व्हायच्या, बाहेरून धडधाकट, आतून साल सुटलेली. मेकॅनिकनं पाइप चिरला. आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू पाण्यात निमूट पडून राहायचा, जोराचं पाणी आलं की उठून वाट अडवायचा. शेडमधल्या उन्हाळ्यांची ती देणगी.

मेकॅनिक मनापासून हसला आणि नवा पाइप आणायला पळाला. काका पाइपाकडे बघतच नव्हते.

"तू पाण्यात आलीस," ते म्हणाले.

"पाण्यात कुठे? तुमच्या मागे आले."

त्याला आता बरीच वर्षं झाली. काकांचे गुडघे धरलेत, म्हणून हल्ली सिस्टर चालवतात आणि काका मागे बसून नको त्या सूचना देतात. मेकॅनिक म्हणतो, हिचं इंजिन आता फार दिवसांचा सोबती नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मागणं एकच आहे. मी बंद पडले की मला परत शेडमध्ये टाकू नका. तळ्याच्या काठी सावलीत ठेवा. दोघांना टेकायला माझी सीट अजून शाबूत आहे.